सहा विटा

गाडी किती उंच करायची, हे मी मायच्या पायावर मोजलं होतं. अंगणात तिला उभं केलं, टेपचं टोक तिच्या टाचेशी धरलं आणि विचारलं, ओढ्याचं पाणी कुठवर येतं ते दाखव. तिनं साडी जराशी वर घेतली आणि गुडघ्याच्या वाटीवर बोट ठेवलं. सतरा इंच. मी तो आकडा मोबाइलमध्ये लिहून घेतला. गुडघा सुजलेला होता, तेही दिसलं. वात असेल म्हणून सोडून दिलं. मी जनावरांचा डॉक्टर आहे. शंभर पावलांवरून येणारा बैल कोणता पाय राखून टाकतोय ते मला सांगता येतं, आणि त्याचा मला थोडा माजही आहे.

ती उंची मी आता काढून टाकलीय. गाडी होती तशी पुन्हा खाली बसलीय. जिंतुरात ज्यांना ती उंच असताना आवडायची, ते अजून अडवून विचारतात, का काढली म्हणून. कुणाला मी सांगतो टायर खात होती, कुणाला सांगतो वळणावर डुलत होती. दोन्ही खरं आहे, पण कारण ते नाही.

माझी नोकरी फिरतीची. सकाळी दवाखाना, दुपारपासून आखाडे. आमच्याकडं शेतातल्या गोठ्याला, त्याच्या शेजारच्या खोपटाला मिळून आखाडा म्हणतात, आणि गाय अडली की ती नेमकी सगळ्यात आतल्या आखाड्यावर अडते, असा माझा अनुभव. म्हणून मोटारसायकल सोडून मी जीप घेतली. जुनीच, पण चारही चाकं ओढणारी. घरातल्या माणसांपेक्षा तुमचं त्या गाडीशी जास्त बोलणं होतं, असं बायको म्हणायची. तिचं अगदीच चूक नव्हतं. गाडीचा जरा कुठं आवाज बदलला की माझं जेवणात लक्ष लागायचं नाही.

मायचं घर बोरीच्या पुढं, आमच्या गावी. वडील गेल्यावर मी तिला जिंतूरला आणायला फार पाठी लागलो. ती आली, पंधरा दिवस राहिली, आणि सोळाव्या दिवशी सकाळी पिशवी भरून दारात उभी राहिली. इथं तुला काय कमी पडलं विचारलं, तर म्हणाली काहीच नाही. मग मी तो नाद सोडला आणि आठवड्यातून दोनदा तिच्याकडं चक्कर ठेवली.

तिला एकच बहीण होती, थोरली. मावशीचं गाव आमच्या गावाच्या पलीकडं. मधे एक ओढा आणि ओढ्यापासून पुढं तीनेक किलोमीटरची पाणंद. उन्हाळ्यात माणसं मोटारसायकलवर पंधरा मिनिटांत जातात. पावसाळ्यात त्या काळ्या मातीत ट्रॅक्टरच्या चाकांच्या अशा खोल चाऱ्या पडतात की साधी गाडी मधल्या वरंब्यावर पोट टेकून बसते आणि चाकं जागच्या जागी फिरतात. तिकडं जायला दुसरा रस्ता नाही.

माय चार वर्षांची असताना त्या दोघींची आई गेली. मावशी तेव्हा तेराची. तिनंच मायला न्हाऊ घातलं, भरवलं, वाढवलं. स्वतःचं लग्न झाल्यावर नवऱ्याच्या मागं लागून लागून बहिणीला शेजारच्या गावात दिलं, नजरेसमोर असावी म्हणून. दोघी म्हाताऱ्या झाल्या तरी भेट झाली की मावशी आधी तेलाची वाटी मागायची. मायला पुढ्यात बसवायची, तिचे केस सोडायची, तेल घालून फणी फिरवायची, आणि मग काय ते बोलणं. सुनांना, नातवंडांना हसू यायचं. त्या दोघींना त्यात हसण्यासारखं काही आहे असं वाटायचं नाही.

आषाढात मावशी न्हाणीत पाय घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. परभणीला नेलं, तिथं तिचं वय आणि छाती बघून ऑपरेशन नको म्हणाले. मावसभावांनी तिला परत आणून बाजेवर निजवलं. ती आता थोड्या दिवसांची, हे सगळ्यांना कळत होतं. फोनचा काही उपयोग नव्हता, कारण तिला कित्येक वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. समोर माणसाचं तोंड दिसलं, ओठ हलताना दिसले, तरच तिला बोलणं कळायचं. हे सगळं मी मायला सांगितलं तेव्हा ती रडली नाही.

“तिची वाचा हाय तवर मला जाऊ दे,” ती म्हणाली. “मेल्यावर तोंड बघून काय करू मी?”

सगळा मामला एवढाच होता. बहीण बोलती आहे तोवर मायला एकदा तिच्यासमोर जाऊन बसायचं होतं, आणि तिला तिथवर पोचवणं हे माझं काम होतं.

दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. ओढ्याला पाणी बेताचं होतं, तो काढला. पाणंदीत अर्ध्यावर गाडीचं पोट टेकलं. मी पुढं घेतली, मागं घेतली, बांधावरच्या पऱ्हाट्या ओढून चाकांखाली घातल्या, गाडीला आणि रस्त्याला शिव्या घातल्या. शेवटी शेजारच्या शेतातून एकानं ट्रॅक्टर आणला आणि साखळी लावून आम्हाला मागं ओढलं. पुढं ओढ म्हटलं तर तो म्हणाला, पुढं याच्यापेक्षा खोल आहे. माय तोवर चपला हातात घेऊन, घोट्याच्या वर चिखल तुडवत, एकटीच ओढ्याकडं परत निघाली होती. मी गाडीच्या नादात तिच्याकडं बघितलंही नव्हतं.

बैलगाडी सुचली नाही असं नाही. पण मायच्या मणक्यात गॅप आहे. डॉक्टरांनी बैलगाडी, ट्रॉली, सगळे दणके तिला बंद केलेले. जीपची पुढची सीट तेवढी तिला सोसायची. परत येताना ती पाय पुसत म्हणाली, “गाडी जरा वर असती तं पोचलो असतो आपून.” ते वाक्य मी उचललं. पुढचं सगळं त्या वाक्याच्या जोरावर केलं आणि नंतर भांडणात तेच तिच्या तोंडावर मारलं. त्यातला ‘जरा’ हा शब्द मला तेव्हा ऐकू आला नव्हता.

त्याच संध्याकाळी मी अंगणात टेप काढला.

पुढचे आठ दिवस मी मोबाइलमध्ये तेच बघत होतो. पुण्या-बंगळूरकडचे लोक गाड्या उंच करून डोंगरात, नद्यांत घालतात आणि त्याचे व्हिडिओ टाकतात. चार इंचांची लिफ्ट, सहा इंचांची लिफ्ट, हे टायर, ते शॉकअप. मला त्यातलं सगळं कळायला लागल्यासारखं वाटत होतं. सामान मागवूनच मी जिंतूरच्या मिस्त्रीकडं गेलो. हा मिस्त्री साठी ओलांडलेला, बोलायला कमी, आणि माझ्या गाडीला माझ्यापेक्षा जास्त ओळखणारा. त्याला म्हटलं, चार इंच वर घ्यायचीय, सामान येतंय, तुम्ही फक्त बसवा. त्यानं हातातला पाना खाली ठेवला आणि हात पुसले.

“पयले हे सांगा साब,” तो म्हणाला, “ह्या गाडीत रोज बसतंय कोन?”

“मी,” मी म्हटलं. “मी आन् औषधाची पेटी.”

मग त्यानं मला समजावून सांगितलं. स्प्रिंगांवर नुसते ठोकळे चढवूनही गाडी वर घेता येते, पण ते त्याला पसंत नव्हतं, खड्ड्यातला दणका सरळ कंबरेला बसतो म्हणाला. त्याचं मत असं की मागचे कमानीचे पाटे बदलायचे, पुढं थोडे लांब स्प्रिंग घालायचे, दोन इंच वर घ्यायची आणि टायर आहेत तेच ठेवायचे. रोजच्या गाडीला दोन इंच बस. चाऱ्यांतून पोट सुटेल, गुडघाभर पाणी सहज निघेल, आणि गाडी गाडीसारखी चालेल. चार इंच केले की शॉकअप बदला, ब्रेकचे पाइप लांब करा, खालच्या शाफ्टचा कोन बिघडतो तो निस्तरा, आणि एवढं करून वळणावर ती डुलणारच. दोन इंचात माझं भागत नाही, असं मी त्याला ठासून सांगितलं. खरं तर भागत होतं. घरी कागदावर आकडे मांडले होते तेव्हा मलाही ते दिसलं होतं. पण एखादी गोष्ट करायची म्हटली की ती पुरेपूर करायची असा माझा स्वभाव, आणि त्या दिवसांत मला स्वतःच्या स्वभावाचं फार कौतुक होतं.

चार इंचांची लिफ्ट बसली. वर मोठे टायर घातले, त्यांचे आणखी दोन इंच. दाराखालचं पायदान आधी जमिनीपासून चौदा इंचांवर होतं, ते वीसवर गेलं. हे मी स्वतः मोजलं आणि मला आनंद झाला. पायदानाखाली अजून एक पायरी लावून देऊ का, असं मिस्त्रीनं विचारलं. मी नको म्हटलं. चारीत अडकते.

आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही. गाडी पाराशी लावायची आणि घरापर्यंत चालत जायचं. पारावर दिवसभर म्हातारी माणसं बसलेली असतात, आणि त्यांत ठरलेल्या जागी माझे मोठे काका. वडिलांचे थोरले भाऊ, म्हणजे मायचे भाया. पंच्याऐंशीचे आहेत. लग्न होऊन आल्यापासून माय त्यांच्यासमोर कधी डोक्यावरचा पदर सोडून गेली नाही, त्यांच्याशी समोरासमोर बोलली नाही. काही सांगायचंच असलं तर घरातल्या तिसऱ्या माणसाला सांगायचं, आणि ते काकांनी ऐकायचं. पूर्वी ते तिसरं माणूस म्हणजे माझे वडील. ते गेल्यावर मी. आमच्या पिढीला ह्याचं हसू येतं. मायला ते जेवणाखाण्याइतकं साधं होतं.

तर मी उंच केलेली गाडी पाराशी आणून लावली. म्हाताऱ्यांनी कौतुक केलं, एक-दोघांनी टायरला हात लावून बघितला. माय घरून पिशवी घेऊन आली. ठेवणीतली साडी नेसली होती. पिशवीत बहिणीसाठी मऊ भात आणि तेलाची बाटली होती. ती दाराशी येऊन थांबली. पायदान तिच्या गुडघ्याच्या वर होतं. गोल साडीत तेवढ्या उंचीवर पाऊल टाकायचं तर साडी पार गुडघ्यापर्यंत उचलावी लागते, आणि दहा पावलांवर भाया बसलेले. तिनं एक हात दारावर ठेवला, पाय थोडा उचलला, परत खाली ठेवला. पाराकडं एकदा बघितलं. मग म्हणाली, गॅसवर दूध राहिलंय, आलेच.

ती परत आली नाही. मी हॉर्न वाजवत बसलो. शेवटी घरी गेलो तर ती आडवी झालेली, पोटात कळ आली म्हणाली. आता हे लिहिताना सगळं लख्ख दिसतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की माझी गाडी बघून ती खूश झाली नाही, आणि त्याचा मला राग आला.

पुढच्या खेपेला एकादशी होती. त्याच्या पुढच्या खेपेला पाहुणे येणार होते, ते आले नाहीत. मग मुगाच्या शेंगा तोडायला बाया यायच्या होत्या, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला घरचं कुणी नको का. मी प्रत्येक वेळी गाडी पाराशी लावायचो आणि एकटाच परत फिरायचो. पारावरचे विचारायचे, काय डॉक्टर, माय येत न्हाई का. मी म्हणायचो, तिची तब्येत बरी नाही. मोठे काका काही विचारत नव्हते. ते नुसते गाडीकडं बघायचे.

श्रावणात मावशीच्या गावात एक म्हैस अडली आणि मला बोलावणं आलं. ओढा, पाणंद, चाऱ्या, सगळं गाडीनं हसत काढलं. जिथं आमचं पोट टेकलं होतं तिथं तर मी मुद्दाम गाडी हळू केली आणि वरून खाली बघत गेलो. म्हैस सोडवून मावशीकडं गेलो. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. सुनेनं तिला वळवलं. तिनं मला ओळखलं, आणि मग माझ्या मागं दाराकडं बघत राहिली.

“ती कुठंय?” तिनं विचारलं.

येईल, दोन-चार दिवसांत येईल, असं मी ओठ मोठे हलवून सांगितलं. तिनं माझा हात धरला. “तिला म्हण, डोक्याला तेल घालायचं ऱ्हायलंय.”

येताना शेजारच्या सीटवर औषधाची पेटी होती.

तिथून मी तडक मायकडं आलो. ती मागच्या अंगणात भांडी घासत होती. मी निरोप सांगितला, आणि तिथंच थांबायला हवं होतं, पण माझं डोकं फिरलं होतं. मी तिला नको नको ते बोललो. तिकडं ती म्हातारी दाराकडं डोळे लावून बसलीय आणि तुला शेंगांचं पडलंय, असं बोललो. तरी तिनं मान वर केली नाही, तेव्हा म्हटलं, “तुझ्या मनातच न्हाई तिला बघायचं. गाडी उंच कर, तूच म्हणलीस ना?”

“व्हय,” ती म्हणाली. “म्याच म्हणले.”

आणि ती घासत राहिली. मला वाटलं, कबूल केलं. तिच्या ह्या वाक्याचं ओझं मला आज जेवढं होतं तेवढं त्या भांडणातल्या माझ्या कुठल्याही शब्दाचं होत नाही. कारण मी तर रागात होतो. ती रागात नव्हती.

त्यानंतर दोन आठवडे मी गावी गेलोच नाही. पोळ्याला गेलो, कारण पोळ्याला न जाणं आमच्यात होत नाही. मायनं पुरणपोळी वाढली. मी खाली मान घालून जेवलो. हात धुताना ती जवळ आली आणि म्हणाली, अजून आठ दिवस थांब, मग गाडी घेऊन ये, म्या सांगते तुला. मला ती आणखी एक सबब वाटली. तुझी तयारी झाली की फोन कर, असं तुटकपणे म्हणून मी निघालो. तिचा चेहरा त्या वेळी जरा खुशीत होता, हे माझ्या ध्यानात राहिलंय. तेव्हा त्याचाही मला राग आला होता.

भाद्रपदातल्या महालक्ष्म्या उठल्या, आणि दोन दिवसांनी सकाळी मावसभावाचा फोन आला. पहाटे कधी गेली ते त्यांनाही कळलं नव्हतं. आदल्या दिवशी चांगली बोलली, चहा मागून प्यायली, असं तो सांगत होता.

मी दवाखान्यातून तसाच निघालो. माय घरी नव्हती. ती पाराशी येऊन, जिथं मी गाडी लावतो त्या जागी उभी होती. तिला कुणी सांगितलं माहीत नाही. हातात तीच पिशवी. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता आणि तो तिनं सावरला नव्हता. मी गाडी थांबवली, खाली उतरलो, तिच्या बाजूचं दार उघडलं.

“उचल मला,” ती म्हणाली.

मला आधी काही कळलं नाही.

“माझा पाय जात न्हाई तिथवर,” ती म्हणाली. “पयल्यापसूनच जात न्हाई. उचल.”

तेव्हा मला कळलं. गॅसवरचं दूध, एकादशी, पाहुणे, शेंगा, सगळं एकदम कळलं. मी तिला दोन्ही हातांनी उचललं. ती फार हलकी होती. तिची साडी गुडघ्याच्या वर गेली आणि तिचा तो सुजलेला गुडघा सगळ्या पारासमोर उघडा पडला. तिनं डोळे मिटून घेतले होते. मी मान वळवून पाराकडं बघितलं. मोठे काका उठले होते. त्यांना उठायला काठी लागते आणि वेळ लागतो, पण ते उठले होते, आणि पारामागच्या देवळाच्या भिंतीकडं तोंड करून, आमच्याकडं पाठ करून उभे होते. त्यांचं बघून बाकीचे म्हातारेही एकेक करून तसेच उभे राहिले. आम्ही निघालो तरी आरशात मला त्यांच्या पाठी दिसत होत्या.

एवढंच करायचं होतं. कुणी एका शब्दानं सांगितलं असतं तर काकांनी ते महिन्यापूर्वीही केलं असतं, रोज केलं असतं. पण माय त्यांना तोंडानं सांगणार नव्हती, आणि सांगायला जे तिसरं माणूस लागतं ते मी होतो.

गाडी वीस मिनिटांत पोचली. कुठंही अडली नाही. तिथं बायांनी मावशीला न्हाऊ घातलं होतं. माय तिच्या उशाशी बसली, पिशवीतून तेलाची बाटली काढली आणि तिनं कुणाकडं तरी फणी मागितली. आजवर कायम मावशीनं हिचे केस विंचरले होते. आता हिनं तिचे सोडले, तेल घातलं, सावकाश फणी फिरवली, पातळ पांढरी वेणी घातली. दारात माणसं ताटकळली होती, पण कुणी घाई केली नाही. मला तिथं उभं राहवलं नाही. मी गाडीच्या आडोशाला जाऊन रडलो, आणि रडताना त्या गाडीला लाथ घालावीशी वाटत होती.

मावशीचे दिवस झाल्यावर मी गाडी मिस्त्रीकडं नेली. सगळं काढा आणि होती तशी करा, म्हटलं. काय खराब झालं, त्यानं विचारलं. माझ्या मायला चढता येत नाही, मी सांगितलं. त्यानं वाकून पायदान बघितलं. मग म्हणाला, तुम्ही तर म्हणाले होते, तुम्ही आणि पेटी. त्यानं ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. त्याला खरोखर कळत नव्हतं की मी मायचं नाव तेव्हा का घेतलं नाही. ज्या कामासाठी मी आलो होतो त्या कामातलं माणूसच मी विसरलो होतो.

आता माय गाडीत कुणाचा हात न धरता बसते. मी तिला विचारत असतो, पोखर्णीला जाऊ, नरसिंहाचं दर्शन करून येऊ, जिंतूरला चल, नातवंडांना भेट. ती एकदा पोखर्णीला आली. त्यानंतर म्हणते, बघू पुढं.

हे इथं संपलं असतं तर मी कदाचित कधी लिहिलंच नसतं. दिवाळीच्या आधी मी गावी मागचं अंगण आवरायला गेलो. न्हाणीच्या मागं, जिकडं माझं कधी जाणं होत नाही, तिथं भिंतीला लागून विटांची एक चवड होती. संडासाच्या बांधकामातून उरलेल्या विटा. दोन-दोन जोडून, एकावर एक, नीट बसवलेल्या, सहा थर. वरच्या विटांवर पाय पडून पडून त्यांचा खरखरीतपणा गेला होता. बाजूच्या लोखंडी खांबाला दोरीचं एक कडं बांधलेलं होतं, माझ्या गाडीच्या दाराशी धरायची मूठ असते साधारण तेवढ्या उंचीवर. आणखी दोन विटा खाली बाजूला ठेवल्या होत्या.

मला विचारायची गरज नव्हती, तरी मी विचारलं. माय मागच्या दारात उभी होती.

“तीनपसून लागले,” ती म्हणाली. “रोज दुपारी. एका हातानं साडी धरून चढायचं व्हतं ना, भायासमोर. पोळ्यापतूर सहावर चढायले व्हते. सातवी ठिवली की गुडघा उचलंना. म्हणलं आठ दिवसांत तेबी जमंल.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू लय हौसेनं केलती गाडी,” ती म्हणाली, आणि आत गेली.

टेप गाडीतच असतो. मी तो आणला आणि चवड मोजली. माहीत होतं तरी मोजली. एक थर तीन इंचांचा, सहा थर अठरा इंच. मिस्त्रीचं ऐकून दोनच इंच घेतले असते तर पायदान सोळा इंचांवर आलं असतं. माय पोळ्याला अठरा इंच चढत होती. पोळ्यानंतर मावशी अकरा दिवस बोलत होती.